रोमचा सेनापती आणि दोन मिनिटं

माझा नवरा पहिल्यांदा वारला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आणि त्याच्या मरणाची तालीम मीच घेतली होती. चार दिवस, रोज दोनदा.

लातूरच्या एका कॉलेजात मी तेव्हा इंग्रजी शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू असेपर्यंत मॅडम, घंटा वाजली की परत सून. संस्थेचे अध्यक्ष आप्पा म्हणाले होते, "पोरी, गॅदरिंगला कायतरी दणक्यात करून दाखव. मग बघू कायम करायचं."

झालं! शहाणी बाई असती तर चार कोळीनृत्यं बसवून मोकळी झाली असती. मी पडले नांदेडहून एम. ए. झालेली (वर्गात पहिली! वर्गात आम्ही तिघीच होतो, हे सांगायची मला तेव्हा गरज वाटत नसे). मी रोमच्या इतिहासावर पाच अंकी शोकांतिका लिहिली. तीही थेट एलिझाबेथच्या काळातल्या लंडनच्या रीतीनं करायची! म्हणजे पडदा नाही, दिवे नाहीत, भर दुपारी खेळ, समोर उन्हात लोक उभे, आणि बायकांची कामं पोरांनी करायची.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पडदा न्हाई, दिवे न्हाईत, पोरं लुगडी नेसणार. अगं, हे तर आमच्या औशाकडच्या जत्रंतलं! त्याला लंडनला कशाला जायचं?"

मी कीव येऊन हसले. (आता येते ती माझीच.)

खेळाला चार दिवस उरले आणि सेनापती झालेल्या पोराला कांजिण्या आल्या. धोतराचा झगा अंगावर शोभेल असा भरदार माणूस घरातच होता. आमचे हे, औशाच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी.

"अहो, तुम्हाला फक्त मरायचंय."

"बोलायचं काय?"

"दुसऱ्या अंकात मरता. त्यानंतर एक शब्द नाही."

"मग जमंल. घरी तेच करायलोय."

खेळाच्या दिवशी मैदान भरलं. जुन्या लंडनला म्हणे मानकरी मंचावरच बसत. म्हणून मी आप्पांची खुर्ची मंचावर मांडली, माईकपासून दोन हातांवर. (स्वतःच्या पायावर धोंडा मारायचा तर तो असा मोजून मारावा!)

दुसऱ्या अंकात कट शिजला, खंजीर निघाले. ह्यांच्या पोटावर बांधलेली बिटाच्या रसाची पिशवी फुटली आणि हे असे धाडकन पडले, की पुढच्या रांगेत पाटावर बसलेल्या सासूबाई ओरडल्या, "आगं बया, लागलं का रं?"

"न्हाई आई," प्रेत म्हणालं.

मी आडोशातून दात-ओठ खात पुटपुटले, "अहो, मेलात तुम्ही!"

आता मुख्य मारेकरी, म्हणजे चाकूरचा बालाजी, प्रेताशेजारी उभा राहून तीन पानी भाषण करणार होता. नाटकाचा सगळा जीव त्या तीन पानांत. बालाजी "रोमच्या भावांनो" म्हणाला आणि गर्दीकडं बघून थिजला. मैदान चिडीचूप. आता तुम्हीच सांगा. पांढऱ्या कपड्यात प्रेत, समोर माईक, चारचौघं जमलेली आणि कुणीच बोलेना! आप्पांचा उभा जन्म असल्या जागी भाषणं करण्यात गेलेला. ते सवयीनंच उठले.

"दोन शब्द बोलतो. आज सेनापती आपल्यात न्हाईत. मानूस लई मनमिळाऊ. आमचे घरोब्याचे संबंध. रोममदी त्यांनी लई बोअर पाडून दिले."

लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्ष बोलल्यावर प्राचार्य गप्प बसतील कसे? त्यांनी सेनापतींच्या शिक्षणप्रेमाचे दाखले दिले. ते ऐकून बालाजीलाही कंठ फुटला. खंजीर पाठीमागं लपवून तो म्हणाला, "माझं तर वैयक्तिक नुकसान झालंय!" माझ्या तीन पानांत यातलं अक्षरही नव्हतं. पण खरं सांगते, माझा एकही संवाद इतका खरा उतरला नव्हता.

मग आप्पांनी घड्याळ काढलं. "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सेनापतींना श्रद्धांजली वाहावी."

बसलेले उठले. प्राचार्य उठले, सासूबाई उठल्या.

आणि सेनापती उठले!

पोटावर बिटाचा लाल ओघळ, हात मांड्यांना चिकटलेले, नजर खाली, पाय जुळवलेले. बारा वर्षांची गुरुजीची नोकरी! 'उभं राहा' म्हटल्यावर मेलेलासुद्धा पडून कसा राहणार?

"आरं, तू कुणासाठी उभारलास?" सासूबाई.

"गप की आई! दोन मिनिटं व्हायचीत आजून."

पुढं जो हशा उसळला, त्यात माझे उरलेले तीन अंक वाहून गेले. मी घरी येऊन ढसाढसा रडले. नोकरी गेली, नाव गेलं, रोम गेलं!

"काय चुकलं माझं?" हे कोपऱ्यातून म्हणाले.

"तुम्ही मेला होता हो!"

"म्हणून काय झालं? साक्षात अध्यक्ष उभे, आन् मी लोळत पडू? बरं दिसतं का ते?"

आठवड्यानं ऑर्डर आली. कायम! मग काय विचारता! माझ्या लेखणीनं मला कायम केलं, हे मी पुढची तीस-पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांना, सुनांना आणि नातवंडांना ऐकवलं. त्यांनी विचारलेलं नसतानाही.

परवा आप्पा घरी आले होते. नव्वदी ओलांडली, पण आवाज अजून माईकवाला. नातीनं विचारलं, "आप्पा, आजीचं नाटक कसं होतं?"

"काय बी कळलं न्हाई बग. पर तुझ्या आज्यानं मेल्यावर बी माझा शब्द खाली पडू दिला न्हाई. म्हणलं, आसल्या मानसाच्या बायकूला कायम करायचं न्हाई, तर कुणाला?"

नोकरीत असताना नवरा वारला की सरकार बायकोला नोकरी देतं, त्याला अनुकंपा तत्त्व म्हणतात. नवरा शेजारी बसून बशीतून चहा फुरकत असताना त्या तत्त्वावर लागलेली बाई अख्ख्या मराठवाड्यात मी एकटीच!