पाठीला पाठ लावून श्रुतलेखन

सोमवारी वीसपैकी वीस बरोबर. मंगळवारी त्याच वीस शब्दांत चौदा चुका. वही तीच, पेन्सिल तीच, मुलगीही तीच. फरक एकच. सोमवारी शब्द आईने सांगितले होते, मंगळवारी मी.

ईश्वरी सात वर्षांची. ती शाळेत जात नाही. करमाडच्या घरी तिची आई वैशाली तिला शिकवते. त्यासाठी वैशालीने चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. शुद्धलेखनासाठी त्या मंगळवारपासून मला बोलावलं. मी एका दैनिकात तीस वर्षं मुद्रितशोधक होते, म्हणजे छपाईआधी पानावरच्या चुका काढणारी.

मंगळवारची वही आबांनी, म्हणजे ईश्वरीच्या आजोबांनी, पाहिली.

"मॅडम, पोरगी लई हुशार हाय, व्हय. पण लिहिता येत नाय तर घरी बसवून काय लोणचं घालायचं? रविवारी मी दहा वाक्यं सांगतो. पाचाच्या वर चुका झाल्या तर जूनला शाळा."

वैशाली हळूच म्हणाली, "ती तुम्हाला घाबरते, मॅडम."

शक्य होतं. माझ्या लाल पेनला उपसंपादकही घाबरायचे.

बुधवारी मी बाजूला बसले. श्रुतलेखन वैशालीने दिलं. मी वहीकडे न बघता मुलीकडे बघितलं. ईश्वरी दर अक्षराला मान वर करत होती. पेन्सिल हळू, डोळे आईकडे. हात चुकीकडे वळला की वैशालीच्या भुवया जवळ यायच्या. लगेच पेन्सिल थांबायची, खोडरबर चालायचा. बरोबर असलं की वैशालीची हनुवटी किंचित खाली. वैशालीला स्वतःला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच. चूक सापडली होती, आणि ती वहीत नव्हती.

छापील मजकूर तपासायला आमच्याकडे दोघं बसायचे. एक मूळ कागद मोठ्याने वाचणार, दुसरा छापलेल्यावर खुणा करणार. आमचे प्रमुख दोघांना पाठीला पाठ लावून बसवत. समोर चेहरा असला की माणूस कागद सोडून चेहरा तपासतो, असं ते म्हणायचे.

मी दोन खुर्च्या तशा लावल्या. "आता सांगा."

वीस शब्द. अकरा चुका.

वैशाली बसूनच राहिली. "म्हणजे चार महिने मीच लिहीत होते?"

"निम्मं," मी म्हणाले. "उठा. तीन दिवस आहेत."

गुरुवारपासून काम उलटं केलं. वैशालीने मुद्दाम चुका करून परिच्छेद लिहायचा, ईश्वरीने लाल पेनने तपासायचा. नियम आमच्या दैनिकातलाच. शंका आली की माणसाला विचारायचं नाही, शब्दकोश उघडायचा. पहिल्या दिवशी सहापैकी दोन चुका सापडल्या. शुक्रवारी चार. शनिवारी सात. वैशालीने केल्या होत्या सहाच.

"आई, ही तुझी खरीखुरी चूक!" ईश्वरी पेन उंच धरून अंगणभर पळाली.

रविवारी आबा कपाशीच्या फवारणीचं पत्रक घेऊन बसले. वैशालीला मी स्वयंपाकघरात पाठवलं. ईश्वरीने आपली खुर्ची फिरवली.

"का गं? रुसली का माह्यावर?"

"नाय आबा. तोंड बघितलं की हात तिकडंच जातो."

"बरं बाई. ऐक मंग."

नऊ वाक्यांत तिने शब्दकोश तीनदा उघडला. दहाव्याला पेन्सिल थांबली. आतला भांड्यांचा आवाजही थांबला. शब्दकोशाची पानं पुढे गेली, मागे आली, परत पुढे गेली. आबांनी दोनदा काही सांगायला तोंड उघडलं आणि परत पत्रकात डोळे घातले. मग तिने लिहिलं.

वही मी तपासली. चार चुका. आबांनी चष्मा लावून पुन्हा मोजल्या. चारच.

"राहू द्या घरी," ते म्हणाले. "पण ह्या पत्रकात बी चुका हायेत का, ते बघायला सांगा तिला."

वैशाली तोवर दारात येऊन उभी होती. हातातलं पातेलं तिला ठेवायचं सुचलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी श्रुतलेखन मी दिलं, समोर बसून. तीस वर्षांच्या नोकरीत माझा चेहरा कोरा झाला आहे, असा माझा समज होता. वीसपैकी एकोणीस आले. मी शाबासकी देणार, एवढ्यात ईश्वरी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण खुर्ची फिरवा. चूक झाली की तुम्ही चष्मा वर करता."

पहिल्या मंगळवारच्या चौदा चुकांचं कारण तेव्हा कळलं. त्या दिवशी माझा चेहरा तिला अजून वाचता येत नव्हता.

मूल आधी शिकवणाऱ्याला वाचायला शिकतं, अक्षरं त्यानंतर. मी खुर्ची फिरवली आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.