शेजाऱ्याची चावीची गाडी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत लालबागच्या चाळीत माझ्या शेजारी एक फिटर राहायचा. दहा बाय दहाच्या खोलीत त्यानं फळीवर चावीची आगगाडी मांडली होती. फळी आढ्याला दोरीनं टांगलेली. ती खाली सोडली की घरातली सगळी गॅलरीत. रूळ पत्र्याचे, अन् बोगदा माझ्या बायकोनं दिलेल्या चहाच्या डब्याचा. मी चौथी नापास, पण त्याला अक्कल शिकवायला पुढे.

हरताळाच्या दिवशी तो ही गाडीसुद्धा बंद ठेवायचा. मी हसायचो, "तुझ्या गाडीला कोण दगड मारणार रे?"

"बंद म्हणजे बंद, दादा."

माझी बायको वारली तेव्हा आठवडा झाला तरी त्याची फळी खाली आली नाही. मी दारातूनच टोमणा मारला, "आता कसला हरताळ?"

तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनींचं सुतक आहे ना, दादा."

आणि मी, तिचा नवरा, सकाळीच दाढी करून बसलेलो!

तेराव्यानंतर त्यानं फळी सोडली अन् गाडी माझ्या हातात दिली. मला चावीही धड पिळता आली नाही. गाडी बायकोच्या चहाच्या डब्यात शिरली अन् आतच थांबली. तो काढायला वाकला.

मी म्हटलं, "राहू दे रे जरा."