घाटात उगवलेलं कासव

डॅशबोर्डवर पिवळं कासव उगवलं, तेव्हा आम्ही चिखलदऱ्याच्या घाटात अर्ध्यावर होतो. एका बाजूला दरी आणि मागच्या सीटवर दमा असलेल्या आजी.

इलेक्ट्रिक गाडीत कासव दिसलं की समजायचं, बॅटरी तळाला गेली, आता गाडी रांगणार. अमरावतीच्या शोरूममध्ये हे मी हसत हसत समजावतो. त्या दिवशी मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलो होतो.

गिऱ्हाईक संत्र्याचे बागायतदार, विठ्ठलभाऊ. "रिंग रोडवर काय कळते? चिखलदऱ्याले नेऊन दाखवा," म्हणाले आणि आईलाही, म्हणजे या आजींना, सोबत घेतलं. सरकार कंपनीला कारखान्यासाठी मदत देतं आणि घेणाऱ्याला सबसिडी, म्हणजे किमतीत सूट. तिची मुदत संपत आली होती. मॅनेजरनी बजावलं होतं, "वानखडे, डील सुटता कामा नये."

बॅटरी फुल करून निघालो. चूक घाटाखालच्या परतवाड्यात झाली. तिथे भाऊंची बहीण राहते. दारात नवी गाडी म्हटल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाला एक चक्कर हवी, तीही एसी फुल करून. नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. मी ओसरीवर पोहे खात मोठ्या मनाने चावी देत राहिलो. पुढे घाट आहे हे पोह्यांत विसरलो.

"गाडी काहून रांगून राह्यली जी?" भाऊंनी विचारलं.

मी कासवाचा अर्थ सांगितला.

"वरते चार्जर हाये ना?"

"एका हॉटेलात आहे. चालू आहे का, विचारतो."

फोनला रेंज नव्हती. 'लवकरच येणार' म्हणून मीच गिऱ्हाइकांना सांगितलेले सगळे चार्जर डोळ्यांपुढून गेले. एसी बंद केला. काचा उघडताच गरम धूळ आत आली आणि आजींचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

"पंप द्या त्यांचा!"

भाऊंनी पिशवी उलटी केली. "बहिणीकडंच राह्यला वाटते."

म्हणजे परतवाडाच गाठायचा. उतारावर चाकं मोटर फिरवतात आणि थोडी वीज बॅटरीत परत येते, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तेव्हा मी डुलकी घेत होतो.

भाऊंनी मागच्या चाकाला दगड लावला. मी पुढे-मागे करत गाडी वळवली. बॅटरी चार टक्के. पहिल्या वळणाला तीन झाली. मागून ती शिट्टी चालूच. मग चार. पुढे पाच. पाय ब्रेकवर कमी आणि देवाच्या भरवशावर जास्त, असा मी गाडी उतरवत होतो.

बहिणीच्या दारात सात टक्के होते. पंपाचे दोन झोत घेतल्यावर आजींना जरा वेळाने बोलता आलं.

"बॅटरी भरली कोनं रे, सरकारनं?"

"नाई माय, घाटानं."

"मंग त्याचे पाय धर. या साहेबाले पोहे नको देऊ."

भाऊंनी गाडी घेतली, पण आधी बागेत चार्जर बसवून. तोवर सबसिडीची मुदत संपली होती, तेवढी सूट शोरूमला पदरची द्यावी लागली. मॅनेजर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

आता टेस्ट ड्राइव्हला निघताना मी बॅटरी पाहतो, टायर पाहतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "वाटेत बहीण राहते का?"