दुधनीच्या करंजावरच्या अळ्या

आता हे तोंडानं कसं सांगू तुम्हाला! चहा घ्या आधी. हसायचं असेल तर खुशाल हसा, चिडण्याइतकं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

मी सोलापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. दुधनीजवळ एका शेतातल्या करंजावर मला एक तुडतुडा सापडला. म्हणजे पानावरून टुणकन उडी मारणारा, तांदळाच्या दाण्याएवढा किडा. हा कुठल्याच पुस्तकात नव्हता. नवी प्रजात! माझ्या आयुष्यातली पहिली!

पण सापडली मादी. आणि आमच्यात नर हाती लागल्याशिवाय नवी प्रजात कुणी मानत नाही. मग काय? दर रविवारी एसटी, ऊन, जाळी आणि रिकामे हात. कंबर गेली, बायकोनं बोलणं टाकलं, नर काही मिळेना. दुसऱ्या कुठल्या झाडावर हा तुडतुडा दिसतही नव्हता. म्हणून शेतमालकाच्या आईला, गौरम्मा आजींना, बजावलं होतं, "झाडाला काही झालं तर लगेच फोन करा."

एका शनिवारी फोन आला. आजींचं बोलणं निम्मं कानडी, माझं कानडी शून्य.

"सर, अळिया बंदार! उद्या तुमी येऊ नका."

'बंदार' कळलं नाही, पण अळ्या कळल्या. माझ्या करंजावर अळ्या!

"कुठे आहेत?"

"झाडाखाली पडल्यात की."

"खातायत का?"

"लई खात्यात! सकाळपासनं तोंड चालूच हाय. आता आठ दिस हलत न्हाईत."

आठ दिवस? झाडाचा खराटा होईल! मी ओरडलो, "आजी, निघालोच मी! चिमट्यानं उचलून रॉकेलात बुडवतो!"

पलीकडून बारीक आवाज आला, "आवं, गरीब हायत की वो!"

"गरीब? सगळं फस्त करतील!"

"करू द्यात की. आमच्या घरचंच खात्यात."

म्हातारीला अळ्यांची एवढी दया? मी मोटारसायकल काढली आणि भर उन्हात दुधनी गाठली.

करंजाखाली बाज. बाजेवर एक भरदार मिशांचा गडी घोरतोय. आजी काठी घेऊन त्याच्यापुढं उभ्या.

"कुठायत अळ्या?" मी चिमटा उगारला.

शेतमालकानं कपाळाला हात लावला. "सर, कानडीत अळिया म्हंजे जावई! ह्ये आमचं दाजी. चिंचोळी एमआयडीसीत असत्यात."

दाजी उठून बसले. चिमट्याकडं बघितलं, रॉकेलच्या बाटलीकडं बघितलं. "मला बुडवायला आलाय व्हय?"

मी हात जोडले आणि त्यांच्याच बाजेच्या कडेवर टेकलो. तेवढ्यात टुणकन काहीतरी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर बसलं. तुडतुडा! दाजींनी श्वास रोखला, मी खिशातली रिकामी बाटली लावली. कॉलेजात भिंगाखाली बघितलं, नर!

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. उपकार म्हणून प्रजातीला नावच दिलं, 'अळिया'.

शोधनिबंध पाठवला. तपासणारे नेमके मराठी निघाले. शेरा आला, 'तुडतुड्याला अळीचं नाव? लेखकाला दोन्हींतला फरक कळतो ना?'

आता काय उत्तर लिहू? तुडतुडा आणि अळी यांतला फरक मला कळतो हो. कळला नव्हता तो अळी आणि जावई यांतला!