आजोबांच्या नावावर बिबट्या

"बसा," साहेब म्हणाले. बावीस वर्षं मी त्यांच्या कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, कारभार बघत होतो. कारभार म्हणजे किल्ल्या सांभाळायच्या आणि भिंतीवरची मेलेली जनावरं पुसायची. सोफ्यावर बसलो तो त्या दिवशी पहिल्यांदा. मीही असा गाढव, की आधी पँटची धूळ झटकली आणि मग बसलो.

समोर त्यांचे वकील. त्यांनी इकडच्या कोर्टाच्या रिवाजाप्रमाणे हिंदीत टाइप केलेला कागद पुढे सरकवला. हॉलमधलं बिबट्याचं कातडं माझ्या आजोबांचं, वारशानं माझ्याकडे आलं, कोठीत मी ते फक्त ठेवायला आणलं. खाली माझं नाव. दुसऱ्या दिवशी वनखात्याचे लोक तपासणीला येणार होते. बाकीच्या जनावरांचे मालकीचे दाखले होते. या एकाचा नव्हता.

"तुमचे आजोबा शिकारीला जायचे ना?" वकिलांनी विचारलं.

"हाक्याला जायचे. डबे बडवून रान उठवायचे. बंदूक साहेबांच्या वडिलांची."

"तेच. कायद्यात शिकारीची व्याख्या बघा. नुसतं मारणं नाही, जनावर हाकणं हीसुद्धा शिकार. मग शिकारी कोण झालं?"

साहेब हसले. "घ्या, तुमच्या घराण्याचं नाव झालं. करा सही."

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. मान वर करून भिंतीकडे पाहिलं. समोर त्या शिकारीचा फोटो होता. त्यात बंदूकवाले आहेत, बिबट्या आहे. हाकेवाले नाहीत. आजोबांच्या मांडीवर त्याच बिबट्याच्या नखांचे व्रण होते. ते आम्हा पोरांना दाखवून साहेबांच्या वडिलांबद्दल सांगायचे, "धोतर फाटलं तर सरकारांनी नवीन दिलं." आम्हीही कौतुकानं ऐकायचो. आमचं घराणंच तसं, चटकन खूश होणारं.

"चष्मा घरी राहिला. वाचून आणतो," मी म्हणालो. चष्मा खिशातच होता. माझं शौर्य एवढंच.

कागद घेऊन माधवगंजला घरी आलो. थोरली वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिनं कागद वाचला, पुस्तक काढलं.

"बाबा, हाकणं म्हणजे शिकार, ये तो सही है. पण पणजोबांच्या वेळी हा कायदाच नव्हता. आता सवाल एकच, खाल किसके कब्जे में है. सही केली की तुमच्या. जेल होईल."

"आणि नाही केली तर नोकरी जाईल," बायको म्हणाली.

मग ताटं घेतली. जेवलो. भाजी कसली होती ते आठवत नाही.

सकाळी वनखात्याची माणसं हॉलमध्ये उभी होती. मी कागद वकिलांच्या हातात दिला. त्यांनी उलटून पाहिला.

"सही राहिली."

"राहिली नाही. केली नाही."

साहेब हळूच म्हणाले, "तीन पिढ्या आमचं अन्न खाल्लंत."

मी वनाधिकाऱ्यांकडे कोरा कागद मागितला. माझ्या हातानं लिहिलं. गोळी कुणी घातली. कातडं कुणाच्या भिंतीवर होतं. ते पुसायचा पगार मला कोण देत होतं. आजोबांचंही नाव लिहिलं, हाकेवाला म्हणून. जनावर त्यांनी हाकलं, ते मी लपवणार नाही. पण दुसऱ्याची गोळी त्यांच्या नावावर चढू देणार नाही.

नोकरी त्याच दुपारी गेली. उद्या कोर्टात बोलावतील, ते वकील मला उलटसुलट विचारतील. विचारू देत. प्रत्येक तारखेला जाईन. प्रत्येक तारखेला हेच सांगेन.