चर्चच्या भिंतीतली मेथी

गुळात मेथी पडली की त्या वासाने मला जयपूर आठवतं. बाबांची तिथे बदली झाली होती. घरामागे इंग्रजांच्या काळातलं छोटं चर्च होतं, टोकदार कमानींच्या खिडक्यांचं. त्याच्या डागडुजीसाठी चुन्यात गूळ आणि मेथीचं पाणी घालत. आपल्या डब्यातले जिन्नस भिंतीत जातात याचं आईला भारी कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रींना मेथीचे लाडू नेऊन दिले. त्यांनी एक चावून पाहिला, मग दगडावर ठोकून पाहिला आणि अदबीने विचारलं, "बहनजी, यही दीवार में लगा दें?" आई कितीतरी दिवस धुसफुसत होती. काल माझे लाडू कडक झाले. आईने एक ओट्यावर आपटला आणि शांतपणे म्हणाली, "जयपूरला पाठव, चर्चला लागतील."