एकट्या पोराचं गाऱ्हाणं

मंडळी, आज पुन्हा हात हलवत परत आले. पाली गावातल्या एका आईला घेऊन सरकारी कचेरीत गेले होते. तिच्या मुलाला दुर्मिळ आजार आहे, औषध मिळावं म्हणून. साहेब म्हणाले, "जिल्ह्यात असा एकच पेशंट. एकासाठी योजना कुठून आणू?"

ऐंशी-पंच्याऐंशीचा काळ आठवला. माझ्या धाकट्या भावाच्या पायांतली ताकद जात चालली होती. आजाराचं नाव डॉक्टरांनाही सांगता येईना. शेवटी गुरवाने देवळात गाऱ्हाणं घातलं, "महाराजा, ह्या पोराला पायावर उभा कर!"

अख्खा गाव म्हणाला, "व्हय महाराजा!"

भाऊ उभा राहिला नाहीच. पण तो एकटाच आहे, असं कोणी म्हणालं नाही.

सोमवारी पुन्हा त्याच कचेरीत जायचंय. दमलेय खरी. गाऱ्हाणं मी घालीन, मागून "व्हय" म्हणायला कोण येतंय?